सोकलने टाकलेला गळ

दोन संचांतले घटक तेच असतील तर ते संच समान, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण न्यूयॉर्क विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल याने १९९६ साली लिहिलं, की गणितातलं हे समानतेचं गृहीतक एकोणिसाव्या शतकातल्या उदारमतवादातून आलंय! तिथेच त्याने संचांच्या गणितातलंच आणखी एक गृहीतक, 'निवडीचं गृहीतक', गर्भपाताच्या हक्काच्या चळवळीला जोडलं, कारण अमेरिकेत त्या बाजूचे लोकही 'निवड' हाच शब्द वापरतात. निव्वळ शाब्दिक कोट्या. 'सोशल टेक्स्ट' या उत्तर-आधुनिक विचारांच्या नियतकालिकाने त्या आपल्या विज्ञानविषयक विशेषांकात गंभीरपणे छापल्या. मग सोकलनेच दुसरीकडे जाहीर केलं, की लेख ही थट्टा होती.

थट्टेचा रोख उत्तर-आधुनिकांवर होता. विज्ञानासकट सगळं ज्ञान समाज, सत्ता आणि भाषा यांतून घडतं, हा त्यांचा मुद्दा. सोकल स्वतः डाव्या विचारांचा. त्या वेळी डाव्यांचं राज्य असलेल्या निकाराग्वात जाऊन गणित शिकवलेला. सगळंच सत्य सापेक्ष मानलं तर बलवानाचा दावा दुबळ्याने खोडायचा कशाने, ही त्याची खरी तक्रार.

मला त्याचा राग पटतो, विजयोत्सव नाही. त्या संपादकांनी एकाही भौतिकशास्त्रज्ञाला लेख दाखवला नव्हता. म्हणजे सिद्ध झाला तो त्यांचा निष्काळजीपणा. आणि २००२ मध्ये बोगदानोव्ह या फ्रेंच जुळ्या भावांचे विश्वउत्पत्तीवरचे शोधनिबंध गाजले. तज्ज्ञांनी तपासून भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांत छापलेले, आणि अनेक जाणकारांच्या मते अर्थहीन. तेव्हा हसायची पाळी पलीकडच्यांची होती.

विज्ञानाच्या या उत्तर-आधुनिक टीकाकारांचं कुठे बरोबर होतं, ते औषधांच्या चाचण्यांत दिसतं. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू गर्भाच्या काळजीचा, पण औषध कोणाच्या शरीरात कसं वागतं हे आधी पुरुषांवरच पाहिलं जाऊ लागलं. हा निर्णय समाजाचा होता, निसर्गाचा नव्हे. तो १९९३ मध्ये मागे घेतला गेला.

पुढे २०१३ मध्ये त्याच प्रशासनाने झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावला. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतकं ते रक्तात उरू शकतं. कोणाचं रक्त तपासायचं हे माणसं ठरवतात. रक्तात किती औषध उरलंय, हे मात्र कोणाच्या ठरवण्यावर नसतं.