कन्कशननंतर रेंगाळणारी लक्षणं

डोक्याला मार बसला, सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी घरी सोडलं आणि महिना उलटून गेला तरी डोकं दुखतंय, झोप लागत नाही, दोन माणसं एकदम बोलायला लागली की काही कळेनासं होतं. या अवस्थेला बरीच वर्षं पोस्ट-कन्कशन सिंड्रोम म्हणायचे. आता 'रेंगाळणारी लक्षणं' म्हणायचा कल वाढलाय आणि तेच जास्त बरोबर आहे, कारण इथे एकच आजार नसतो, चार-पाच वेगळ्या भानगडी एकमेकींत अडकलेल्या असतात. कन्कशन म्हणजे डोक्याला बसलेल्या धक्क्याने मेंदूचं काम थोडा वेळ बिघडणं, आपल्याकडे त्याला मुका मार, मेंदूला धक्का, मेंदू हादरला असं म्हणतात. 'कन्कशन' हा शब्द घराघरात आला तो क्रिकेटमुळे: आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायची सोय केली, त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या जागी चहल आला.

किती दिवस लक्षणं राहिली की 'रेंगाळली' म्हणायचं, यावर एकमत नव्हतं. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत या निदानाला स्वतंत्र क्रमांक आहे (एफ०७.२). अमेरिकन मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेत, डीएसएम-४ मध्ये (१९९४) ते परिशिष्टात होतं, तीन महिन्यांच्या अटीसह, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत स्वतंत्र नाव गेलंच. खेळाडूंच्या कन्कशनवर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने चार आठवडे ही मर्यादा धरली, सध्या तीच सोयीची.

कल्पनेचा उगम आणि वाद: कवटी न फुटता मेंदूचं काम थोडा वेळ बिघडतं, हे वेगळं ओळखण्याचं श्रेय बहुतेक जण इराणी वैद्य अल-राझीला देतात (साधारण नववं शतक संपतानाचा किंवा दहाव्याच्या सुरुवातीचा काळ). रेंगाळणाऱ्या लक्षणांची चर्चा मात्र खरी सुरू झाली रेल्वेमुळे. इंग्लंडमध्ये अपघातातून लोक चालत बाहेर यायचे, पहिले दोन दिवस ठीक असायचे आणि मग झोप उडायची, आवाज सहन व्हायचा नाही, आठवण दगा द्यायची. लंडनचा सर्जन जॉन एरिक एरिक्सन याने १८६६ मध्ये यावरची व्याख्यानं छापली. त्याने दिलेला दाखला अजून लक्षात राहतो: नालेच्या आकाराच्या लोहचुंबकावर हातोडा जोरात मारला तर चुंबक तुटत नाही, पण त्यातलं चुंबकत्व हादरून जातं, मज्जासंस्थेचंही तसंच होतं. आदल्याच वर्षी, ९ जून १८६५ ला, स्टेपलहर्स्टच्या अपघातात चार्ल्स डिकन्स सापडला होता. त्याने टोपीतून पाणी नेऊन जखमींना पाजलं, आणि नंतर उरलेली पाच वर्षं ट्रेनमध्ये त्याला अचानक कापरं भरायचं. त्याच्या डोक्याला मार बसल्याचा पुरावा नाही म्हणून हे उदाहरण कन्कशनचं म्हणून देऊ नये, पण त्या काळात डोक्याचा मार आणि मनाला बसलेला धक्का या दोन गोष्टी वेगळ्या केल्याच जात नव्हत्या हे त्यातून कळतं.

हर्बर्ट पेजने १८८३ मध्ये एरिक्सनला खोडून काढलं, त्याच्या मते हे सगळं भीतीमुळे होतं. पेज स्वतः एका रेल्वे कंपनीचा सर्जन होता आणि भरपाईचे दावे कंपन्यांवर येत होते, ही गोष्ट वाचताना विसरू नये. बर्लिनचा न्यूरॉलॉजिस्ट ओपेनहाइम याने १८८९ मध्ये मज्जासंस्थेतल्या सूक्ष्म बदलांची बाजू घेतली, पॅरिसमध्ये न्यूरॉलॉजिस्ट शार्कोने हिस्टेरियाची, म्हणजे मनातून उठणाऱ्या लक्षणांची. न्यूयॉर्कच्या स्ट्रॉस आणि सॅविट्स्की यांच्या १९३४ च्या लेखापासून पोस्ट-कन्कशन सिंड्रोम हे नाव रुळलं असं सहसा मानतात. पुढे १९६१ मध्ये ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट हेन्री मिलरने 'ॲक्सिडेंट न्यूरोसिस' मांडलं, म्हणजे भरपाई मिळाली की पेशंट बरा होतो. नंतरच्या पाहण्यांत तसं दिसलं नाही, निकाल लागून गेल्यावरही बऱ्याच लोकांचा त्रास चालूच होता, पण तोवर 'हा नाटक करतोय' हा शिक्का पेशंटवर बसला तो बसलाच. दुसऱ्या बाजूला लिथुआनियातला अभ्यास आहे, जिथे भरपाईची अपेक्षा फारशी नव्हती, आणि तिथे डोक्याला मार बसलेले आणि दुसरीकडेच किरकोळ दुखापत झालेले यांच्या तक्रारींत फरक थोडाच निघाला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लिशमनने १९८८ मध्ये मध्यम मार्ग सुचवला: सुरुवात शरीरातून होते, लांबण्यात मनाचा वाटा वाढत जातो. आजच्या माहितीशी हे मत सगळ्यात जास्त जुळतं, फक्त सीमारेषा त्याने दाखवली तितकी ठळक नसते.

आत काय होतं: डोकं झटक्याने फिरलं की मेंदूच्या तंतूंवर ताण येतो (होलबॉर्न, १९४३), पेशींतले क्षार इकडचे तिकडे होतात, ते जागेवर आणायला ऊर्जा जास्त लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो (गिझा आणि होव्डा, २००१). साध्या सीटीत यातलं काही दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लक्षणं बदलतात का: हो, आणि पेशंट सगळ्यात जास्त घाबरतो तो यानेच. पहिल्या आठवड्यात डोकेदुखी, मळमळ, उजेड नकोसा होणं. मग डोकं जरा बरं होतं तर झोपेचं तंत्र बिघडतं, झोप नीट नाही म्हणून चिडचिड, आणि कामावर परत गेलं की लक्ष न लागणं पुढे येतं, जे घरी पडून असताना जाणवतच नव्हतं. नवीन लक्षण दिसलं म्हणजे मेंदू आणखी बिघडतोय असं बहुतेक वेळा नसतं, आधी झाकलेलं वर आलेलं असतं. डोकेदुखीही एकाच जातीची नसते, कधी मायग्रेनसारखी, कधी मानेतून वर चढणारी, तर कधी गोळ्यांमुळेच होणारी: साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेत राहिलं की गोळीच डोकं दुखवायला लागते. चक्करचंही तसंच. कुशीवर वळताना काही सेकंद खोली गरगर फिरते ती कानातले बारीक खडे जागेवरून हलल्यामुळे, आणि त्यावर डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्लीची पद्धत आहे, पुष्कळदा एक-दोन वेळातच आराम पडतो. वाचताना ओळी पळत असतील तर पेन्सिल नाकाकडे हळूहळू आणून बघतात: टोक साधारण सहा सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसायला हवं, त्याआधीच दोन दिसायला लागलं तर डोळे आत वळवायची ताकद कमी पडतेय, त्याला व्यायाम आहेत. असं एकेक सुटं करून बघितलं की 'मेंदूला धक्का' या एका मोठ्या भीतीचे छोटे, हाताळता येणारे तुकडे होतात.

किती जणांचं लांबतं यावर आकडे पद्धतीप्रमाणे बदलतात. जुना आकडा १० ते १५ टक्क्यांचा. अमेरिकेत मोठ्या हॉस्पिटलांत आलेल्या पेशंटांच्या २०१९ च्या अभ्यासात वर्षभरानंतर ५३ टक्के लोकांना काही ना काही अडचण उरली होती, पण त्यात फक्त हातपाय दुखावलेल्यांतही ३८ टक्के निघाले, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

सांभाळणं: अंधाऱ्या खोलीत पडून राहा हा सल्ला आता मागे पडलाय. २०१५ मध्ये ११ ते २२ वयाच्या मुलामुलींवर झालेल्या चाचणीत पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांनी एक-दोन दिवस घेतलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं सांगितली. आता २४ ते ४८ तास बेताची विश्रांती आणि मग हळूहळू चालणं सुरू करायचं. अमेरिकेतल्या बफेलोच्या जॉन लेडी यांच्या गटाने ट्रेडमिलवर लक्षणं हृदयाच्या किती ठोक्यांना वाढतात ते मोजून त्याच्या थोडं खाली रोजचा व्यायाम ठेवला, त्यात किशोरवयीन मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी १७ दिवसांत. व्यायामाने लक्षण थोडं वाढलं आणि तासाभरात खाली आलं तर चालतं, दिवसभर घसरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

घरात याचा अर्थ असा: बरं वाटलं म्हणून एका दिवसात साठलेली सगळी कामं उरकायची नाहीत, कारण दुसरे दोन दिवस मग आडवं पडण्यात जातात. वहीत चार रकाने पुरतात, झोप किती, काय केलं, काय दुखलं, किती वेळ. रिव्हरमीड नावाची १६ लक्षणांची प्रश्नावली (१९९५) आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, ती दर पंधरा दिवसांनी भरली की 'काहीच फरक नाही' असं वाटत असताना फरक दिसतो. रोज मात्र भरू नये, माणूस सतत स्वतःचं डोकंच तपासत बसतो. ऑफिसला आधी अर्धा दिवस, मीटिंगमध्ये लिहून घेणं, फोनचा ब्राइटनेस कमी. घरच्यांनी 'बाहेरून तर ठीक दिसतोस की' हे वाक्य टाळावं, ते खूप लागतं.

आपल्याकडे हे जास्त करून दुचाकीवरून पडल्यावर होतं. हेल्मेट (मोटार वाहन कायदा, कलम १२९) कवटी वाचवतं, पण डोक्याचा फिरण्याचा झटका पूर्ण थांबवत नाही, म्हणून हेल्मेट होतं तरी कन्कशन होऊ शकतं. डिस्चार्ज कार्डवर पुढच्या आठवड्यांबद्दल बहुधा एकच ओळ असते, त्रास झाला तर या.

तो त्रास कुठला, हे इथे नीट सांगायला हवं. डोकेदुखी दर दिवसाला वाढत जाणं, परत परत उलट्या, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, गुंगी वाढत जाणं, यात वाट बघायची नाही. म्हाताऱ्या माणसांत आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांत मेंदूवर रक्त हळूहळू साठतं आणि ते दोन-चार आठवड्यांनीसुद्धा कळू शकतं, तेव्हा पहिला सीटी नॉर्मल होता म्हणून दुसरा टाळू नये.