ब्लिट्झरला कोणतं स्किल द्यायचं? एका अष्टपैलू खेळाडूची पार्श्वभूमी

ब्लड बाऊल या पटावरच्या खेळाच्या लीगमधला सामना संपला, की मैदान गुंडाळण्याआधी एक काम उरतं. दोन्ही प्रशिक्षक आपापला संघाचा कागद पुढे ओढतात, टचडाऊन कुणी केले, कुणाला जायबंदी कुणी केलं, याचे गुण खेळाडूंच्या नावापुढे मांडतात, आणि एखाद्याचे गुण पुरेसे झाले असतील तर त्याला नवं स्किल मिळतं. बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत हे काम मिनिटात उरकतं. पास टाकणाऱ्याला काय हवं, धिप्पाड ओगरला काय हवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेन थांबतं ते माणसांच्या संघातल्या ब्लिट्झरपाशी. तो धावतो, टक्कर देतो, चेंडू उचलतो, वेळ पडली तर टचडाऊनही करतो. ज्याला सगळंच थोडंथोडं येतं, त्याला पुढचं काय शिकवायचं? हा पेच आज जसा दिसतो तसा तो पहिल्यापासून नव्हता. नियम बदलत गेले तसा तो घडत गेला.

इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने 1986 साली हा खेळ काढला. जर्विस जॉन्सन हे त्याचे रचनाकार. वॉरहॅमरच्या काल्पनिक जगातले ऑर्क, एल्फ, बुटके आणि माणसं एकमेकांशी युद्ध करण्याऐवजी अमेरिकन फुटबॉल खेळतात, ही मूळ कल्पना. खेळाच्या पुराणकथेत रोझ-एल नावाच्या बुटक्याला नफल या देवाचा ग्रंथ सापडतो आणि त्यातून या खेळाचा धर्म सुरू होतो. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलच्या लीगची अक्षरं सलग उच्चारा, नफल कुठून आला ते कळेल. रोझ-एल म्हणजे त्या लीगचे दीर्घकाळ आयुक्त असलेले पीट रोझेल. पहिल्या खोक्यात खेळाडू पुठ्ठ्याचे होते. 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीत थर्मोकोलसारखं राखाडी मैदान आणि प्लॅस्टिकचे खेळाडू आले. लीग तेव्हाही खेळल्या जात, पण आजच्या प्रश्नाचं मूळ तिथे नाही. ते 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आहे.

त्या आवृत्तीने दोन गोष्टी आणल्या आणि खेळ मुळापासून बदलला. पहिली, टर्नओव्हर. तुमचा खेळाडू तुमच्याच पाळीत आडवा झाला किंवा चेंडू सांडला, की पाळी तिथेच संपली. बाकीचे दहा जण हललेले नसले तरी संपली. दुसरी गोष्ट म्हणजे टकरीचे खास फासे. आकड्यांऐवजी त्यांवर चित्रं असतात. एका बाजूला हल्लेखोर पडतो, एका बाजूला दोघंही पडतात, दोन बाजूंना समोरचा नुसता मागे ढकलला जातो, एका बाजूला तो अडखळून पडतो आणि एका बाजूला सरळ आडवा होतो.

ब्लिट्झरकडे जन्मजात असलेल्या ‘ब्लॉक’ या स्किलची किंमत या फाशामुळेच आहे. ब्लॉक असेल तर ‘दोघंही पडले’ या चित्रावर आपला गडी उभा राहतो. एका फाशाच्या टकरीत पाळी गमावण्याची शक्यता त्यामुळे तीनात एक होती ती सहात एक होते. दोन फासे टाकून हवा तो निवडता येत असेल, तर नऊमध्ये एकवरून थेट 36 मध्ये एकवर येते. समोर एकही स्किल नसलेला साधा लाइनमन असेल, तर त्याला पाडण्याची शक्यता 36 मधल्या 20 वरून 27 वर चढते. 1994 नंतर माणसांच्या संघात चार ब्लिट्झर घ्यायचेच, असा जो अलिखित नियम झाला, तो या गणितातून.

आता त्याच्या नावाकडे बघू. ब्लिट्झ म्हणजे एकाच खेळाडूने धावत जाऊन टक्कर देणं. एरवी टक्कर शेजारच्या चौकोनातल्या प्रतिस्पर्ध्यालाच देता येते. धावून टक्कर ही मुभा एका पाळीत संपूर्ण संघाला एकदाच. कबड्डीत सातही जण एकदम चढाईला जात नाहीत, तसंच. संघात ब्लिट्झर चार, ब्लिट्झ एक. म्हणजे दर पाळीला तीन ब्लिट्झर आपल्या नावाचं काम सोडून दुसरंच काहीतरी करत असतात. स्किल निवडताना माझ्या मते सगळ्यात आधी लक्षात घ्यायची गोष्ट हीच, आणि बहुतेक नवे प्रशिक्षक नेमकी हीच विसरतात. ते चारही जणांना एकाच साच्यात घालतात.

1994 पासून पुढची पंचवीसेक वर्षं मात्र निवडीचा अर्धा हक्क फाशांकडेच होता. टचडाऊनचे 3 गुण, प्रतिस्पर्ध्याला जायबंदी केल्याचे 2, अचूक पासचा 1, आणि सामन्यातला सर्वोत्तम ठरला तर 5. असे 6 गुण झाले की पहिली बढती, मग चढत्या टप्प्यांनी पुढच्या, आणि शेवटची 176 ला. बढती मिळाली की दोन फासे टाकायचे. साधं दान पडलं तर आपल्या हक्काच्या वर्गातलं स्किल घ्यायचं. ब्लिट्झरसाठी ते वर्ग दोन, सर्वसाधारण आणि ताकदीचा. दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला तरच चपळाईच्या किंवा पासिंगच्या वर्गाचं दार उघडायचं. बेरीज 10, 11 किंवा 12 आली तर वेग, चापल्य, ताकद यांतलं काही वाढवता यायचं. ताकद वाढण्याची शक्यता 36 मध्ये एक.

याचा ब्लिट्झरवर काय परिणाम झाला, ते नीट समजून घ्यायला हवं. त्याला अष्टपैलू करणारं स्किल म्हणजे ‘डॉज’. ते चपळाईच्या वर्गात येतं. डॉज असला की फाशावरच्या ‘अडखळून पडला’चं नुसतं ‘ढकलला’ होतं, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या तावडीतून निसटताना चुकलेला फासा पुन्हा टाकता येतो. ब्लॉक आणि डॉज या जोडीला इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी ‘ब्लॉज’ असं जोडनावच देऊन टाकलंय. पण ब्लिट्झरला ते मिळणार सहात एकदा. बाकीच्या पाच वेळा हातात उरायचे ते गार्ड (शेजाऱ्याला टकरीत हात देणारं), मायटी ब्लो (पडलेल्याला जास्त जायबंदी करणारं) आणि टॅकल (समोरच्याचं डॉज निकामी करणारं). पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला होता, ‘आधी गार्ड, मग मायटी ब्लो, फाशांची जोडी पडली तर डॉज.’ तो बुद्धीतून आला तितकाच फाशांच्या सक्तीतूनही आला. नियम बदलले तरी सल्ला जिभेवर राहिला, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

2000 नंतरचा काळ वेगळा आणि मला मनापासून आवडणारा. खेळ दुकानांच्या फळ्यांवरून हळूहळू दिसेनासा होत होता, पण नियम ‘लिव्हिंग रुलबुक’ या नावाने इंटरनेटवर मोफत मिळत होते आणि खेळणाऱ्यांच्या अनुभवावरून सुधारले जात होते. काही वर्षं त्यात वय होण्याचाही नियम होता. स्किल मिळालं की लगेच आणखी एक फासा टाकायचा, आणि दान वाईट पडलं तर खेळाडूला कायमचं दुखणं. बढतीचाच दिवस घाताचा. तो नियम पुढे काढून टाकला, ते बरंच झालं.

त्याहून दूरगामी बदल संघाची किंमत मोजण्यात झाला. आधी खेळाडूंनी मिळवलेले गुण बेरजेत धरून संघाचं वजन काढत, त्यामुळे कोणतं स्किल घेतलं याने काही बिघडत नसे. पुढे प्रत्येक स्किलला थेट किंमत लागली. साधं स्किल 20,000 सोन्याची नाणी, फाशांच्या जोडीवर मिळालेलं 30,000. संघ जितका महाग, तितकी दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला सामन्यापुरती मदत जास्त. म्हणजे बाकावर बसणारं, वापरात न येणारं स्किल आता संघाच्या पाठीवरचं ओझं झालं. ब्लिट्झर मुळातच 90,000 चा गडी (2020 नंतर 85,000) आणि लाइनमन 50,000 चा. ब्लिट्झरवर चढवलेलं प्रत्येक स्किल कमावतं असायला हवं.

याच काळात केऑसच्या, म्हणजे वॉरहॅमरमधल्या दुष्ट शक्तींच्या संघांनी क्लॉ, मायटी ब्लो आणि पायलिंग ऑन (पडलेल्यावर अंग टाकणं) ही तीन स्किलं एका खेळाडूवर एकत्र केली आणि लांबलचक लीगमधल्या भल्याभल्या संघांची वाताहत झाली. क्लॉमुळे कितीही जाड चिलखत असलं तरी 8 ला भेदलं जायचं. 2016 ला गेम्स वर्कशॉपने खेळ नव्या खोक्यात परत आणला, तेव्हा पायलिंग ऑन वापरायला संघाचा एक रीरोल, म्हणजे फासा पुन्हा टाकण्याची संधी, खर्च करावा लागू लागला. 2020 च्या आवृत्तीत ते स्किलच गेलं, आणि चिलखत फोडताना क्लॉ आणि मायटी ब्लो एकत्र वापरायलाही बंदी आली. माणसांच्या ब्लिट्झरला क्लॉ मिळतच नाही, मग त्याचा इथे संबंध काय? एवढाच, की त्या वर्षांत माणसांचा संघ तग धरून होता तो गार्डवर. गार्ड असलेला गडी स्वतः प्रतिस्पर्ध्याच्या तावडीत असूनही शेजाऱ्याला टकरीत हात देऊ शकतो. 3 ताकदीचा आपला गडी 3 ताकदीच्या समोरच्याला एकट्याने भिडला तर एक फासा, शेजारून एक हात मिळाला तर दोन. आपले नि त्यांचे गडी मैदानाच्या मधोमध गुंतून पडलेले असताना, 36 मधल्या 27 चं ते वरचं गणित लागू होतं की नाही, हे त्या एका स्किलवर ठरतं. आमच्याकडे गार्डवाल्याच्या पायाशी हिरवी रिंग अडकवतात. अनुभवी प्रशिक्षक समोर बसला की आधी हिरव्या रिंगा मोजतो.

2020 ने फाशांचा हक्क जवळजवळ काढून घेतला. त्या आवृत्तीत मिळालेले गुण खर्च करायचे असतात. पहिल्या बढतीला हक्काच्या वर्गातलं, आपण निवडलेलं स्किल 6 गुणांना. दुय्यम वर्गातलं, म्हणजे ब्लिट्झरसाठी डॉज, 12 गुणांना. फाशावर सोडायची तयारी असेल तर हक्काच्या वर्गातलं कुठलंही एक 3 गुणांत, म्हणजे एका टचडाऊनमध्ये. दुसऱ्या बढतीला हेच भाव 8, 14 आणि 4 होतात, आणि पुढे चढतच जातात. सर्वोत्तम खेळाडूचे गुण 5 चे 4 झाले, पण त्यासाठी सहा नावं त्या आवृत्तीत प्रशिक्षक सुचवतो आणि फासा त्यांतूनच एक उचलतो. नशिबाकडून निवडीकडे नियम किती सरकले, हे त्यातही दिसतं.

फाशावर सोडण्याचा 3 गुणांचा मार्ग ब्लिट्झरसाठी मला पटत नाही. ताकदीच्या वर्गात 12 स्किलं. त्यांतलं गार्ड किंवा मायटी ब्लो लागण्याची शक्यता सहात एक. उरलेल्यांत स्टँड फर्मसारखं (ढकललं तरी जागा न सोडणारं) एखादं चालेल, पण पासची ताकद वाढवणारं स्किल त्याच्या काय कामाचं? लाइनमनवर असा जुगार परवडतो, तिथे आशा नि किंमत दोन्ही कमी असतात.

मग द्यायचं काय? एक प्रसंग सांगतो, त्यातून माझं मत कळेल. आमच्या लीगमधला सामना, शेवटून दुसरी पाळी, बरोबरी. वुड एल्फचा झेल घेणारा खेळाडू चेंडू घेऊन आमच्या हद्दीत, अंगी ब्लॉक आणि डॉज दोन्ही. त्याची ताकद 2, म्हणून माझ्या ब्लिट्झरला कुणाच्या मदतीशिवाय दोन फासे मिळाले. त्याच्याकडे ब्लॉक होता आणि मी मोठ्या हौसेने दिलेलं मायटी ब्लो. फासे पडले, एक ‘ढकलला’ आणि एक ‘अडखळला’. डॉजमुळे दोन्हींचा अर्थ एकच. एल्फ एक चौकोन मागे सरकला, पुढच्या पाळीला निसटला आणि टचडाऊन करून आला. मायटी ब्लो समोरचा पडल्यावर कामाला येतं, पडलाच नाही तर त्याचा उपयोग शून्य.

त्या रात्री घरी जाऊन हिशेब मांडला. ब्लॉक आणि डॉज असलेल्या त्या एल्फला पाडण्याची माझ्या गड्याची शक्यता होती 36 मध्ये 11. डॉज निकामी करणारं टॅकल असतं तर 20. टॅकलबरोबर स्ट्रिप बॉलही असता तर नुसतं ढकललं तरी चेंडू सुटतो, म्हणजे 36 मध्ये 32. फक्त समोरच्याकडे चेंडू घट्ट धरणारं शुअर हँड्स नसावं, तेवढी अट. खेळाडू तोच, ताकद तीच, फासेही तेच.

तेव्हापासून मी चौघांची कामं लीग सुरू होतानाच वाटून ठेवतो. दोघं गार्डवाले, गर्दीत उभे राहणारे. त्यांनी ब्लिट्झ करायचाच नाही, नावाने ब्लिट्झर असले तरी. तिसरा चेंडूमागे धावणारा, आधी टॅकल, मग स्ट्रिप बॉल. त्या पाळीतला एकुलता एक ब्लिट्झ बहुतेकदा त्याचा. चौथ्याला 6 गुणांवर काही द्यायचं नाही, 12 होईपर्यंत थांबायचं आणि डॉज घ्यायचा. म्हणजे चेंडू नेणाराही आपल्याकडे भरवशाचा होतो. दोन-तीन सामने त्याला कोऱ्या पाटीने खेळवताना जीव टांगणीला लागतो, मधेच एखादी दुखापत झाली तर साठवलेलं सगळं गेलं. तरीही मी थांबतो. रेकलँड रीव्हर्सचा नावाजलेला ब्लिट्झर ग्रिफ ओबरवाल्ड याची जुन्या नियमांतली स्किलं वाचली, तर ब्लॉकच्या शेजारी पहिलं नाव डॉजचंच आहे. माणसांच्या संघातला अष्टपैलू खेळाडू कसा असावा, याचं रचनाकारांनी काढलेलं चित्रच ते. त्याची 4 ची ताकद नि 4 चं चापल्य आपल्या गड्याला बहुधा कधीच मिळणार नाही. 2020 च्या नियमांत डॉज मात्र 12 गुणांना मिळतो, आणि चार टचडाऊन केले की 12 गुण होतात.