टीपीची सभा : बडोद्यात जमिनीबद्दल कोणाला विचारतात, त्याची पार्श्वभूमी

भायली, सेवासी, बिल, वेमाली ह्या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे त्यांना ‘टीपी पडली’, म्हणजे जमिनीवर नगररचना योजना (टाउन प्लॅनिंग स्कीम) आली, ह्याचा अर्थ सांगायला नको. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गुजरातीत नोटीस येते, तीत मालकांच्या सभेची जागा आणि वेळ असते, आणि मग घरोघरी एकच प्रश्न निघतो : जाऊन काही उपयोग आहे का? सभेला कोणी यायचे, काय बोलायचे आणि त्याची दखल कधीपर्यंत घेतली जाणार, हे बरेचसे फार पूर्वी ठरून गेले आहे. एक बदल मात्र 1999 सालचा आहे. आजच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी त्यातून निघतात, असे मला वाटते, म्हणून खाली त्यालाच जास्त जागा दिली आहे.

संस्थानी काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सयाजीराव महाराजांच्या वेळी शहर घडले ते दरबारच्या इच्छेने आणि दरबारच्या खजिन्यातून. कमाटीबाग 1879 ची. ती आखताना कोणी हरकती मागवल्या असतील अशी कल्पनासुद्धा आपल्याला येत नाही. 1916 मध्ये एका स्कॉटिश नगररचनाकाराने बडोद्याच्या वाढीबद्दल अहवाल दिला. आधी गल्लीबोळ पायी फिरा, राहणाऱ्यांचे चालणे-बसणे बघा आणि मगच एखादे घर हलवा, असा ह्या गृहस्थांचा सगळीकडेच आग्रह असे. आजच्या भाषेत त्याला लोकसहभाग म्हणता येईल, पण ऐकणारा शेवटी दरबारच होता.

आपल्याकडच्या टीपीचे मूळ बडोद्यात नाहीच. ते मुंबई इलाख्याच्या 1915 च्या कायद्यात आहे, आणि तो कायदा संस्थानाला लागू नव्हता. कल्पना मोठी हुशारीची होती. शेतांचे वेडेवाकडे तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट चौकोनी करून ज्याची त्याला परत द्यायची. मालकाची जमीन घटते, भाव वाढतो, आणि वाढलेल्या भावातला काही हिस्सा तो योजनेच्या खर्चासाठी भरतो. म्हणजे पैसा मालकाचा आणि जमीनही मालकाची, तेव्हा विचारायचे तेही मालकालाच. शंभर वर्षे उलटली तरी ह्या व्यवस्थेचा पाया तोच आहे.

1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1954 मध्ये नवा कायदा आला आणि 1960 नंतर तोच गुजरातकडे राहिला. मधल्या काळातला एक निकाल जाणत्या वकिलांच्या तोंडी अजून असतो. अहमदाबादच्या एका योजनेत ‘ही योजना करणार’ असा इरादा जाहीर झाला होता 1927 साली. तिच्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन 1969 मध्ये निकाल लागला. भरपाईचा भाव इरादा जाहीर झाल्याच्या तारखेचा धरायचा, ही कायद्यातली तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. म्हणून आजही ‘इरादा कधी जाहीर झाला’ ही तारीख सगळ्यात आधी विचारावी. नंतर योजना कितीही रेंगाळली तरी कपातीच्या, म्हणजे योजनेत गेलेल्या, जमिनीचा भाव त्या दिवशी गोठलेला असतो.

सध्याचा कायदा 1976 चा, अमलात आला 1 फेब्रुवारी 1978 पासून. त्यात सल्लामसलतीच्या दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिली विकास योजनेची, म्हणजे डीपीची. तिचा मसुदा प्रसिद्ध झाला की दोन महिने कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. कोणीही. सात-बारा लागत नाही, घरपट्टीची पावती लागत नाही. हरकतींमुळे मोठे बदल करावे लागले तर ते पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा दोन महिने द्यावे लागतात. ही योजना दहा वर्षांतून एकदा तरी सुधारायची असते. बडोद्याची 2031 पर्यंतची योजना 2012 मध्ये मंजूर झाली. त्या मोठ्या रंगीत नकाशात आपल्या सर्व्हे नंबरावर आरक्षण पडले आहे का, एवढेच बहुतेक जण बघतात. नसले की नकाशा मिटतात.

दुसरी वाट टीपीची. इरादा जाहीर झाल्यावर नऊ महिन्यांत मसुदा तयार करायचा असतो, आणि त्यासाठी 1979 च्या नियमांनुसार मालकांची सभा बोलवावी लागते. जाहीर नोटीस द्यायची, शिवाय ज्यांचा पत्ता ठाऊक आहे अशा प्रत्येक मालकाला वेगळी नोटीस द्यायची. सभेत तात्पुरती आखणी समजावून सांगायची ती लोकमत आणि सूचना घेण्यासाठी, असे नियमच म्हणतो. लोकमत घ्यायचे, पण बोलवायचे मालकांना. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर मात्र एका महिन्याच्या आत योजनेची झळ बसणाऱ्या कोणालाही लेखी हरकत देता येते. मग योजना राज्य सरकारकडे जाते, मंजूर झाली की नगररचना अधिकारी नेमला जातो, आणि तो एकेकाला नोटीस काढून सुनावणी घेतो. प्राथमिक योजना, अंतिम योजना हे टप्पे त्याच्या हाताखालचे.

सभेत नेमके काय होते? भिंतीवर दोन नकाशे असतात. एकात मूळ खंड, म्हणजे ओपी, आणि दुसऱ्यात अंतिम खंड, म्हणजे एफपी. टेबलावर एफ फॉर्मचा गठ्ठा. खरी योजना वाचायची ती ह्या एफ फॉर्ममध्ये. आडव्या लांबलचक तक्त्यात एका ओळीत एक मालक : सर्व्हे नंबर, ओपीचे क्षेत्र, त्याची इरादा जाहीर झाल्याच्या तारखेची किंमत, एफपीचा नंबर, त्याचे क्षेत्र, विकासाआधीची आणि नंतरची किंमत, वाढ, वाढीच्या निम्मे अंशदान, आणि शेवटच्या रकान्यात येणे किंवा देणे. हजार चौरस मीटर जमीन असेल आणि कपात चाळीस टक्के असेल तर सहाशेचा एफपी. मूळ भाव हजार रुपये धरला तर गेलेल्या चारशे मीटरचे चार लाख येणे. सहाशे मीटरचा भाव विकासानंतर सोळाशे धरला तर वाढ तीन लाख साठ हजार, तिच्या निम्मे एक लाख ऐंशी हजार देणे. वजाबाकी करून मालकाला दोन लाख वीस हजार. गणित सोपे आहे, पण सोळाशेच का आणि बाविसशे का नाही, ह्यावर पुढे वर्षे जातात. सभेला आलेला माणूस आपल्या ओळीवर बोट ठेवतो, दुसरे बोट नकाशावर ठेवतो, आणि विचारतो तो एकच प्रश्न : ‘साहेब, रस्ता आमच्याच बाजूने का?’

चाळीस टक्क्यांचा आकडाही आकाशातून पडलेला नाही. कायद्यातच विभागणी आहे : रस्त्यांसाठी पंधरा, बागा-मैदानांसाठी पाच, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी पाच, आणि योजना करणाऱ्या प्राधिकरणाने विकून खर्च काढण्यासाठी पंधरा. शेवटच्या पंधराबद्दल सभेत क्वचितच कोणी तोंड उघडते, आणि खरे भांडण तिथेच व्हायला हवे, असे माझे मत.

आता 1999.

त्याआधी योजना पुढच्या टप्प्यावर मंजूर होईपर्यंत रस्त्याची जमीन प्राधिकरणाच्या ताब्यात येत नसे. सुनावण्या लांबत, तोपर्यंत आखलेल्या रस्त्यावर कोणी कुंपण घाली, कोणी पत्र्याची शेड टाकी, आणि नकाशावर अठरा मीटरचा असलेला रस्ता जागेवर बैलगाडीची चाकोरीच राही. ही तक्रार खोटी नव्हती. नुसत्या मसुद्यावर दशकभर बसलेल्या योजना गुजरातभर होत्या. म्हणून कायद्यात एक कलम घुसवले गेले : राज्य सरकारने मसुदा मंजूर केला की रस्ते, गटारे, दिवे आणि पाणी ह्यांसाठी लागणारी जमीन त्याच क्षणी प्राधिकरणाची झाली, कोणत्याही बोज्याशिवाय.

रस्ते झाले, आणि वेगाने झाले. बाहेरचे जे रुंद रस्ते पाहून पाहुणे बडोद्याचे कौतुक करतात, त्यांतले पुष्कळ ह्याच कलमाच्या जोरावर झाले. पण सुनावणीचा क्रम उलटला. नगररचना अधिकाऱ्यापुढे मालक एकेकटा, कागद घेऊन, आपली अडचण सांगायला उभा राहतो तेव्हा त्याच्या जमिनीतून डांबर पडलेले असते. अधिकारी त्याचा एफपी थोडा इकडे-तिकडे करू शकतो, आकार सुधारू शकतो, किंमत बदलू शकतो. रस्ता हलवणे त्याच्या हातात राहिलेले नाही, म्हणजे कागदावर कदाचित असेल, पण खाली गटाराचा पाइप गेल्यावर कोण हलवणार? पुढे अपील आहे ते पैशांच्या बाबतीत. थोडक्यात, ज्या टप्प्यावर माणसाचे वैयक्तिक ऐकून घेतले जाते, त्याच्या आधीच मुख्य गोष्ट ठरून झालेली असते. उरते ती पहिली, घाईघाईची मालकांची सभा आणि नंतरचा एक महिना. पुष्कळ जण ‘सुनावणी होईलच की पुढे’ म्हणून हा महिना वाया घालवतात. जुन्या योजनांमध्ये ही समजूत बरोबर होती. वडीलधारे अजून तोच सल्ला देतात.

ह्या कलमाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की भूसंपादन करून जमीन घेतली असती तर मालकाला जमिनीतले काहीच परत मिळाले नसते. बरोबर आहे. आणि 2001 च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावात टीपी राबवली गेली तेव्हा लहान खंडांना कमी कपात ठेवून, लोकांशी वारंवार बोलूनही ती वेगाने पुरी झाली, हेही खरे. पण ते उदाहरण माझ्या मते उलट्या बाजूला जाते. वेग आणि विचारपूस एकत्र जमतात असा त्याचा अर्थ होतो, आणि तसे असेल तर क्रम उलटायचे कारण काय होते, हा प्रश्न राहतोच.

मालक नसलेल्यांचे काय? दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहिलेल्या मराठी घरांना हा प्रश्न नवा नाही; जागा कोणाची आणि राहतो कोण, ह्या दोन गोष्टी इथे कधीच एक नव्हत्या. टीपीच्या नोटिशीवर मात्र फक्त पहिल्याचे नाव असते. अहमदाबादच्याच एका प्रकरणात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरू आणि पोटभाडेकरूंनाही नोटीस मिळायला हवी असे सांगितले. नोटीस मिळाली तरी एफ फॉर्ममध्ये त्यांची ओळ नसते. ओळ नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नसेल तर सभेत बोलायचे कशाबद्दल?

74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवरच्या शहरांत वॉर्ड समित्या आणल्या, आणि 2011 च्या जनगणनेत 16 लाखांच्या पुढे गेलेल्या बडोद्याला ते लागू आहे. जमिनीच्या आखणीत त्यांचा आवाज ऐकू आल्याचे मला तरी आठवत नाही.

2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, ऊंडेरा आणि वडदला ही सात गावे शहरात घेतली गेली. गावकऱ्यांचा विरोध झाला, कर वाढेल ह्या भीतीने जास्त. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली : ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. ग्रामसभेत भाडेकरू, शेतमजूर, गावतळातल्या (गावठाणातल्या) एका खोलीत राहणारी विधवा असे सगळे मतदार बसू शकत होते. टीपीच्या सभेत त्यांना खुर्ची नाही.

आणि कांस, म्हणजे पावसाचे पाणी नदीत नेणारा ओढा. भूखी, मसिया, रूपारेल ही नावे बडोद्याच्या मुलाला पाढ्यांच्या आधी कळतात, निदान पावसाळ्यात. विश्वामित्री नदीला पाणी नेणारे हे ओढे कोणाच्याच सात-बाऱ्यावर नाहीत, म्हणून मालकांच्या सभेत त्यांच्यातर्फे कोणी उभे राहत नाही. शेजारचा मालक उलट आपला एफपी थोडा पुढे सरकला तर खूशच असतो. ऑगस्ट 2024 मध्ये नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर मजल मारली, आणि पाणी समा, अकोटा, फतेगंजात शिरले. मग प्रत्येक सोसायटीत लोक नकाशे काढून बसले : आपल्या मागची कांस कुठे गेली? टीपीच्या नकाशांत ती कुठे सरळ झाली होती, कुठे रस्त्याखालच्या नळ्यात गेली होती. त्या आखण्यांवर हरकतीची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

ज्यांना जमीन नाही आणि तरी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी कायद्यात उघडी वाट डीपीची आहे. सुधारित योजनेचा मसुदा जाहीर होतो तेव्हा दोन महिने अर्ज घेतले जातात आणि अर्जदार मालक आहे का हे विचारले जात नाही. कांसेबद्दल लिहायचे तर तिच्या दोन्ही काठांवरचे सर्व्हे नंबर द्यावेत, मसुद्याच्या नकाशाच्या त्या भागाची नक्कल जोडावी, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. शिक्का नसलेली हरकत नंतर कोणाच्याच फायलीत सापडत नाही.