विंडोजमधील फाइल-आभासीकरण आणि जुने गेम

फाइल-आभासीकरण ही विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने कार्यप्रणालीत ठेवलेली एक सुसंगतता-सोय आहे. प्रशासकाचे अधिकार नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमने संरक्षित फोल्डरमध्ये लिहू पाहिल्यास ते लेखन न नाकारता वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरकडे वळवले जाते. सेव्ह केलेला डाव, सेटिंग आणि उच्चांक स्वतःच्या इन्स्टॉल-फोल्डरातच ठेवणाऱ्या, साधारणतः २००७ पूर्वीच्या गेमच्या बाबतीत तिचा प्रत्यय विशेष येतो.

अशा गेमना आपल्याच फोल्डरात लिहिता न येण्याच्या या अडचणीचा उगम सामान्यतः व्हिस्टाशी जोडला जातो. तथापि ते पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. फाइलनिहाय परवानग्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेबरोबर विंडोज एनटी ३.१ (१९९३) मध्येच आल्या होत्या, आणि विंडोज २००० पासून मर्यादित वापरकर्त्याला ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा मूळ मांडणीत नव्हती. घरगुती संगणकांवर मात्र विंडोज ९५, ९८ आणि एमई यांचा वावर होता. त्यांची एफएटी व्यवस्था फाइलीचा मालक कोण हे नोंदवतच नसे. त्यामुळे कोठे लिहावे आणि कोठे लिहू नये, हा प्रश्न त्या काळातील गेम-निर्मात्यांपुढे क्वचितच उभा राहिला असावा. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले, पण एक्सपी बसवताना तयार होणारी खाती प्रशासकाचीच असत, आणि म्हणून बंधन अस्तित्वात असूनही बहुसंख्यांना ते जाणवले नाही. दोषाचा मोठा वाटा निर्मात्यांचाच, असेही एक मत आहे, कारण वापरकर्त्याची माहिती त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवावी ही अपेक्षा विंडोज २००० साठीच्या निकषांत आधीच नमूद होती. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी एक्सपीची मूळ मांडणी हेच निर्णायक कारण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नियम मोडूनही प्रोग्रॅम बिनतक्रार चालत असेल, तर लेखी निकषांचा धाक फारसा उरत नाही.

३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आलेल्या व्हिस्टामध्ये ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ (यूएसी) ही यंत्रणा आली. तीत प्रशासकाने लॉग-इन केल्यावर पूर्ण अधिकारांचे आणि छाटलेल्या अधिकारांचे अशी दोन टोकन (अधिकारांची ओळखपत्रे) तयार होतात आणि नेहमीचे प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतात. परिणामी, कालपर्यंत निर्वेध चालणारे अनेक गेम संगणकाच्या मालकाने सुरू केले तरी आपल्याच फोल्डरात लिहू शकेनात. ही कोंडी सोडवण्यासाठी आभासीकरणाची योजना झाली.

‘प्रोग्राम फाइल्स’, ‘प्रोग्रामडेटा’ आणि ‘विंडोज’ या फोल्डरांतील लेखन वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधील ‘लोकल’ या उपफोल्डरात, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या जागी वळवले जाते. रजिस्ट्रीच्या (विंडोज व प्रोग्रॅम यांच्या सेटिंगच्या मध्यवर्ती साठ्याच्या) सामाईक सॉफ्टवेअर-शाखेतील नोंदींनाही असाच न्याय लागू होतो. ६४-बिट प्रोग्रॅम, प्रशासक म्हणून चालवलेले प्रोग्रॅम आणि आपल्याला कोणते अधिकार हवेत हे मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रात) घोषित करणारे प्रोग्रॅम यांना ही सोय मिळत नाही. ईएक्सई आणि डीएलएल यांसारख्या चालवता येण्याजोग्या फाइलीही वळवल्या जात नाहीत, म्हणून आपल्याच फाइली बदलू पाहणारा एखाद्या जुन्या गेमचा अपडेटर येथे अडखळतो.

वाचनाचा नियम याहून महत्त्वाचा आहे. एकाच नावाची फाइल दोन्ही ठिकाणी असेल, तर आभासीकरणाखालील प्रोग्रॅमला व्हर्च्युअलस्टोअरमधील प्रत दिसते. मोरोविंड (२००२) हा गेम आपली सेटिंग इन्स्टॉल-फोल्डरातील ‘मोरोविंड डॉट आयएनआय’ या फाइलीत ठेवतो. ती एकदा वळवली गेल्यानंतर वापरकर्त्याने नोटपॅड प्रशासक म्हणून उघडून मूळ फाइलीत बदल केला, तर तो तेथे व्यवस्थित जतन होतो. गेम मात्र दुसरीच प्रत वाचत असल्यामुळे काहीच बदललेले दिसत नाही. एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) सेव्ह केलेले डाव इन्स्टॉल-फोल्डरातच ठेवतो. असा गेम काही दिवस साध्या रीतीने खेळून मग ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू केल्यास आधीचे डाव नाहीसे झाल्यासारखे वाटतात, वस्तुतः ते व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुरक्षित असतात, आणि तेथून उचलून मूळ फोल्डरात ठेवले की परत दिसू लागतात. एकाच संगणकावर दोन भावंडांची वेगळी खाती असतील, तर प्रत्येकाचे व्हर्च्युअलस्टोअरही वेगळे असते. ‘ॲपडेटा’ फोल्डर मूळ मांडणीत लपवलेला असल्याने शोध आणखी कठीण होतो. व्हिस्टा आणि विंडोज ७ यांमध्ये अशा फाइलींकडे थेट नेणारे ‘कम्पॅटिबिलिटी फाइल्स’ हे बटण एक्सप्लोररमध्ये असे.

उपायांपैकी ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबमधून गेम नेहमीच प्रशासक म्हणून चालवणे हा सर्वांत प्रचलित आहे. तो सोपा असला, तरी वीस वर्षे जुन्या, सुधारणा बंद पडलेल्या प्रोग्रॅमला, विशेषतः इंटरनेटवरून खेळताना, संपूर्ण संगणकाचे अधिकार देणे इष्ट म्हणता येत नाही. ‘आयकॅक्ल्स’ या आदेशाने गेमच्या फोल्डरपुरती लेखनाची परवानगी देता येते. मात्र त्यायोगे गेमची ईएक्सई फाइलही कोणत्याही प्रोग्रॅमला बदलता येते. गेम सी ड्राइव्हच्या मुळाशी केलेल्या ‘गेम्स’सारख्या फोल्डरात बसवणे, हा मार्ग बहुधा अधिक पसंत केला जातो. तेथे लॉग-इन केलेल्या वापरकर्त्यांना लिहिता येत असल्यामुळे आभासीकरणाची वेळच येत नाही, अर्थात ईएक्सई बदलली जाण्याचा धोका तेथेही उरतो. कायम प्रशासकाचे अधिकार मागणाऱ्या प्रोग्रॅमला ‘रनॲजइन्व्होकर’ या सुसंगतता-थराने तशी मागणी करण्यापासून रोखता येते.

मायक्रोसॉफ्टने आभासीकरण ही तात्पुरती सोय असल्याचे प्रारंभीच सांगितले होते, तरी विंडोज ११ मध्येही ती टिकून आहे. व्हिस्टाबरोबरच आलेला ‘सेव्ह्ड गेम्स’ हा फोल्डर नव्या गेमसाठीचा अधिकृत पर्याय होता. अनेक निर्मात्यांनी मात्र ‘डॉक्युमेंट्स’लाच पसंती दिली. त्यामुळे विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीत (२०१७) आलेले ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ (अनोळखी प्रोग्रॅमना ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरांत लिहू न देणारे संरक्षण) चालू केल्यास असे गेमही अडतात. हे बंधन प्रोग्रॅमच्या विश्वासार्हतेवर आधारलेले असल्याने गेमचे नाव परवानगीच्या यादीत घालावे लागते.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमध्ये गेमला दिसणारा सी ड्राइव्ह हा वापरकर्त्याच्याच मालकीचा फोल्डर असल्यामुळे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

सेफडिस्क या प्रत-संरक्षणाचे गेम सुरूच न होणे, ही तक्रार पुष्कळदा याच सदरात घातली जाते. ती वेगळी आहे. सेफडिस्कचा ‘सेकड्राइव्ह’ हा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० मध्ये चालत नाही, आणि व्हिस्टा ते विंडोज ८.१ यांवर तो सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने बंद करण्यात आला. फोल्डरच्या परवानग्या बदलून किंवा प्रशासक म्हणून चालवूनही असे गेम सुरू होत नाहीत.