फीनिक्सच्या वाळवंटी वसाहतीत घर घेताय? आधी एकदा जुलैत या

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स परिसरात, चँडलरच्या इंटेलमध्ये किंवा उत्तर फीनिक्सच्या टीएसएमसीत, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरी लागली की आपली बहुतेक मंडळी घर बघायला फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तेव्हा हवा गोड असते, संत्र्याच्या मोहराचा वास सुटलेला असतो. वेराडो, व्हिस्टॅन्शिया, ईस्टमार्क यांसारख्या आखीव वसाहतींत मुलं सायकली फिरवत असतात. मॉडेल होममधून बाहेर पडेपर्यंत नवरा-बायकोचं मनातल्या मनात फर्निचरही लावून झालेलं असतं. घेण्याआधी घर तपासून देणं हा आमचा व्यवसाय. या वसाहतींत सुखाने राहणारी कितीतरी कुटुंबं आम्ही बघतो. तरीही सहीनंतर हळहळणारेही भेटतात, आणि त्यांची तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते: हे आधी कुणी सांगितलं नाही. म्हणून हे पत्रक.

ऊन आणि घराचं तोंड

२०२३ साली फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला पोचला किंवा त्याच्याही वर गेला. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्म्यामुळे ६४५ माणसं दगावली. पुढच्या वर्षी सलग ११३ दिवस पारा रोज शंभरी गाठत होता. नागपूर-चंद्रपूरकडची मंडळी म्हणतात, ऊन आम्हाला काय नवीन? पण तिकडे जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो आणि जीव भांड्यात पडतो. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम ७ इंच, आणि सप्टेंबर संपत आला तरी दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. जुलैच्या दुपारी 'गार' पाण्याचा नळ सोडून बघा, अंघोळीला चालेल असं पाणी येतं. डांबर ७० सेल्सिअसपर्यंत तापतं. रस्त्यावर पडलेल्या माणसाला भाजल्याच्या जखमा होतात. एसी बंद पडला तर घरातल्या वयस्कर माणसांना त्याच रात्री दुसरीकडे न्यावं लागतं. त्यामुळे एसी किती वर्षांचा आहे हे घराच्या रंगाआधी विचारा.

पटवून द्यायला आम्हाला सर्वात जास्त वेळ लागतो तो वेगळाच मुद्दा. आपल्या लोकांना पूर्वेकडे तोंड असलेलं घर हवं असतं, आणि त्यासाठी बिल्डरला जादा पैसेही दिले जातात. पण दार पूर्वेला म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला, आणि बैठकीची मोठी सरकती काच तिकडेच. जुलैत सूर्य पावणेआठच्या सुमाराला मावळतो. तोवर दुपारभर ऊन थेट त्या काचेवर असतं. एपीएस या वीज कंपनीच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरात वीज सर्वात महाग असते ती कामाच्या दिवशी दुपारी ४ ते संध्याकाळी ७ या वेळेत, नेमकी तेव्हाच. आम्ही अशा एका घरात संध्याकाळी पाच वाजता काचेला आतून हात लावला, तर तो टेकवून ठेवता येईना. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांना आमचं सांगणं आहे की उत्तराभिमुख घरही शुभच मानतात. ते मिळत असेल तर सोडू नका, उन्हाळ्याचं बिल दर महिन्याला फरक दाखवील.

पाणी

ॲरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्याच्या चौकटीत, फीनिक्स परिसरात नवी वसाहत वसवायची तर १०० वर्षं पुरेल इतकं पाणी दाखवावं लागतं. जून २०२३ मध्ये राज्याच्या जलविभागाने हिशेब मांडला, तेव्हा १०० वर्षांत भूजलाच्या मागणीपैकी सुमारे ४ टक्के भागणार नाही असं दिसलं. मग फक्त भूजलाच्या भरवशावर नव्या परवानग्या देणं थांबवलं. बकाय आणि क्वीन क्रीक या वाढत्या टोकांना याचा फटका बसला. आधी परवानगी मिळालेल्या वसाहतींचं काम चालू आहे, तेव्हा लगेच घाबरण्याचं कारण नाही. पण कोलोरॅडो नदीवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि त्यातून आलेल्या कपातीचा मोठा वाटा नदीचं पाणी इथे आणणाऱ्या ॲरिझोनाच्या कालव्यावर पडला. घर घेताना पाणी कोण पुरवतं, ते नदीचं की जमिनीतलं, हे लेखी मागा. नव्या वसाहतीसाठी राज्याच्या रिअल इस्टेट विभागाचा पब्लिक रिपोर्ट खरेदीदाराला द्यावाच लागतो. त्यात पाणी, शाळा, आसपासचे विमानतळ, सगळं असतं. तो न वाचता सही करणारे बघितले की आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पश्चिमेकडे घर घेणाऱ्यांनी त्यात ल्यूक हवाई तळाचा उल्लेख जरूर शोधावा. तिथे एफ-३५ विमानांचं प्रशिक्षण चालतं, आणि तो आवाज बंद खिडकीतूनही आत येतो.

हप्त्यात न दिसणारे पैसे

एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेची, वर्गणी सगळ्यांना माहीत असते. सीएफडी बहुतेकांना माहीत नसतो. रस्ते, नाले, बागा यांसाठी काढलेलं कर्ज फेडायला घरपट्टीच्या बिलात जादा कर लागतो, तो हा. वर नावं घेतलेल्या तिन्ही वसाहतींत तो आहे. नव्या घराची पहिली घरपट्टी बरेचदा मोकळ्या जमिनीच्या हिशेबाने येते, म्हणून हप्ता हलका वाटतो. पूर्ण घराचा कर लागला की महिन्याचं गणित बदलतं. एचओएचे नियमही आधी वाचा. भिंतीचा रंग, कचऱ्याचा डबा किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचा, अंगणात कोणतं झाड लावायचं, सगळं त्यात असतं. तुळशीवृंदावन पुढच्या अंगणात चालेल का, हेही विचारूनच घ्या.

आणखी एक. वसाहत पूर्ण व्हायला कधीकधी वीस वर्षं लागतात. तोवर तुम्ही घर विकायला काढलंत तर शेजारच्याच गल्लीत बिल्डर सवलती देऊन नवं घर विकत असतो. २००६ ते २०११ या काळात इथल्या किमती निम्म्याहून खाली आल्या होत्या, हेही लक्षात असू द्या.

आई-बाबा येणार असतील तर

हे आम्ही सर्वात कळकळीने सांगतो. आजी-आजोबा बहुधा उन्हाळ्यातच येतात, कारण नातवंडांना तेव्हा सुट्टी असते. त्यांना सकाळी सहानंतर फिरायला जाता येत नाही, गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. आपली माणसं आणि भारतीय किराणा दुकानं जास्त करून चँडलर-गिल्बर्टच्या बाजूला. वेराडोहून तिथे जायला तासभर, महागणपतीच्या देवळात जायलाही साधारण तेवढाच. चार महिने घरात कोंडून काढलेल्या आईचा चेहरा आम्ही अनेक घरांत बघितला आहे.

धुळीची वादळंही उन्हाळ्यात येतात. इथल्या मातीतल्या बुरशीमुळे व्हॅली फीव्हर हा फुफ्फुसांचा आजार होतो. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी खोकला-ताप लांबला तर डॉक्टरांना हे नाव स्वतःहून सांगावं. विंचू असतातच. रात्री कुंपणाच्या भिंतीवर जांभळा टॉर्च मारला की ते हिरवट चमकतात, तपासणीत आम्ही हे न चुकता करतो.

जुलैत येणं जमत नसेल तर आम्ही दुपारी चार वाजता त्या घरात उभं राहून व्हिडिओ कॉल करतो. भारतातून आई-बाबांनाही घर बघायचं असेल तर सकाळी सातला पुन्हा एकदा करू. ॲरिझोनात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, तेव्हा भारतात कोणत्याही महिन्यात संध्याकाळचे साडेसातच वाजलेले असतील.