तलफ चहाच्या कपापासून सुरू होते

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर बारा तासांची पाळी चालते. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. डोळ्यांनीच खूण होते, दोघं टपरीवर जातात, चहा होतो आणि रिकामा कप खाली ठेवता ठेवता हात चुन्याच्या डबीकडे वळतो. तंबाखू खायची असं त्या क्षणी कुणी ठरवलेलं नसतं. 'मनावर घे, सुटेल' हा सल्ला इथेच फसतो.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत याचं कारण सापडतं. सुरुवातीला फळांचा रस मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उत्तेजित होत. रसाआधी दरवेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही काळाने त्या पेशी दिवा लागताच उत्तेजित होऊ लागल्या. आपल्याकडे तो दिवा म्हणजे चहाचा कप, पाळी बदलण्याची वेळ, जेवणानंतरची पाच मिनिटं.

म्हणून तंबाखू सोडण्याआधी तीन-चार दिवस फक्त नोंद करावी. तंबाखूच्या प्रत्येक बारामागे वेळ, जागा, सोबत कोण आणि त्याआधी काय केलं, एवढंच. बहुतेक बार दोन-तीन ठरावीक प्रसंगांनाच चिकटलेले दिसतात. सकाळचा पहिला बार मात्र वेगळा. तंबाखूतलं निकोटिन रक्तात दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, त्यामुळे रात्रभरात ते जवळपास संपतं आणि उठल्या उठल्या शरीरच मागणी करतं.

पुढची पायरी म्हणजे 'जेव्हा-तेव्हा'चं वाक्य. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून आलेली ही रीत साधी आहे: 'चहाचा कप खाली ठेवला की मी बडीशेप तोंडात टाकून नळावर जाऊन चूळ भरीन.' वाक्यात खूण आणि कृती दोन्ही नेमक्या हव्यात. 'तंबाखू खाणार नाही' या वाक्यात हाताला काही कामच नाही, आणि मळायची सवय लागलेल्या हाताला काम लागतं. डबी खिशातून काढून तिच्या जागी बडीशेपेची डबी ठेवावी. सुपारी किंवा मावा मात्र पर्याय म्हणून अजिबात नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. चिडचिड, झोपमोड, भूक हे त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतात आणि दोन ते चार आठवड्यांत कमी होतात. ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासात बार लागतो, त्याने डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घ्यावं. ते नेहमीच्या गमसारखं सलग चघळलं तर निकोटिन पोटात जातं, मळमळतं, उचकी लागते आणि माणूस 'हे काही उपयोगाचं नाही' म्हणून फेकून देतो. सावकाश चावावं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवावं, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावावं. एक गोळी अर्धा तास पुरते. गम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, आणि सोलापुरात हीच चूक सगळ्यात जास्त होण्यासारखी आहे. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने शिरतं, तर चहासारख्या आम्ल पेयामुळे त्याचं शोषण कमी होऊ शकतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. मधला आकडा ६६ आला, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यामुळे 'सवय २१ दिवसांत बदलते' हे ऐकून तेवढ्या दिवसांत न सुटल्याने खचू नये. एखादा दिवस चुकल्याने नव्या सवयीची घडण फारशी बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

जुनी सवय मेंदूतून पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते. म्हणून दोन महिने कोरडे गेलेला माणूस संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत जुन्या सोबत्यांना भेटला की तलफ पुन्हा उसळते. त्या दिवसाचं 'जेव्हा-तेव्हा'चं वाक्य संक्रांतीआधीच तयार ठेवावं आणि सोबत्यांना पुडी पुढे करू नका असं आधीच सांगावं. तरीही बार भरलाच गेला तर लगेच थुंकून चूळ भरावी आणि १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करावा.