आभाळातला तो गोल चेपत का नाही?

सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की साऱ्या सोलापूरच्या माना वर होतात. गोळा सूं करत चढतो, क्षणभर काहीच दिसत नाही आणि मग रंगीत ठिणग्यांचा भला मोठा गोल उमलतो. काही ठिणग्या वर उडतात, काही आडव्या, काही थेट खाली. गुरुत्वाकर्षण तर सगळ्यांनाच खाली ओढतंय. मग तो गोल खालून लांबत किंवा वरून चेपत का नाही?

फेकलेल्या कुठल्याही वस्तूच्या गतीचं मर्म या प्रश्नात आहे. हवा जरा बाजूला ठेवू. वस्तू सुटली की तिच्यावर एकच बल उरतं, खाली ओढणारं. आडव्या दिशेला तिला कोणी ढकलत नाही की अडवत नाही, म्हणून आडवा वेग होता तेवढाच राहतो. उभ्या दिशेला मात्र दर सेकंदाला खालच्या बाजूने ९.८ मीटर प्रतिसेकंद वेगाची भर पडत जाते. या दोन्ही गती एकाच वेळी चालतात आणि एकीचा दुसरीला अडथळा होत नाही. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने हे मांडलं आणि अशा वस्तूचा मार्ग परवलयाचा, म्हणजे कमानीसारख्या वक्राचा असतो, हे भूमितीने सिद्ध केलं. पार्क स्टेडियमवर सीमारेषेवरून आलेला थ्रो साधारण त्याच वळणाने येतो.

आता ठिणग्यांकडे या. गुरुत्वाकर्षण नसतंच, तर ताशी शंभर किलोमीटरच्या थोड्या वर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटलेली प्रत्येक ठिणगी २ सेकंदांनी केंद्रापासून ६० मीटरवर असती. म्हणजे अचूक गोल. गुरुत्वाकर्षण काय करतं? तेवढ्या वेळात प्रत्येक ठिणगीला तिच्या त्या जागेपासून १९.६ मीटर खाली आणतं. वर निघालेलीलाही तेवढंच, खाली निघालेलीलाही तेवढंच. जड-हलकी असा भेद नाही. सगळ्या सारख्याच खाली आल्या, तर आकार बिघडेल कसा? गोल फुगत फुगत अख्खाच्या अख्खा खाली सरकतो. मला भौतिकशास्त्रातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

प्रत्यक्षात हवा मध्ये येतेच. वेग जितका जास्त, तितका तिचा विरोध कितीतरी अधिक, म्हणून बारीक ठिणग्या सुटल्या सुटल्या मंदावतात आणि गोल लवकरच वाढायचा थांबतो. आडवा वेग हवेने खाल्लेला, ओढ मात्र कायम. त्यामुळे शेवटी सोनेरी ठिणग्या जवळजवळ सरळ खाली झिरपतात.

गोळा कुठे फुटतो, यालाही महत्त्व आहे. आतली वात अशी बेतलेली असते की तो शिखराजवळ, वेग जवळपास संपलेला असताना फुटावा. चढतानाच फुटला तर तो वरचा वेग प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला येतो आणि गोल फुगता फुगता आणखी वर जातो. उतरताना फुटला तर हाच हिशोब उलटा होतो आणि जळत्या ठिणग्या जमिनीच्या जवळ येतात. प्रेक्षकांना दूर ठेवतात ते यासाठीही.